दोर धरणारा माणूस

झाड तोडणाऱ्यांचे भाव काढायला लागलं की डोकं चक्रावतं. सांगलीच्या आमच्या घरी फाटकाला लागून असलेला गुलमोहर काढायचा होता. त्याचे कुणी आठ हजार सांगितले, कुणी अठ्ठावीस. एकाने तर फोनवरच, झाड न बघता, "पैसे कशाला, लाकूड आम्ही नेतो, मिटलं" असं सांगून टाकलं. आईला हा माणूस फार पसंत पडला. काम फुकटात होतंय, वर अंगण मोकळं होतंय, तर बाकीच्यांच्या मागे कशाला लागायचं, असा तिचा रोकडा हिशेब.

हा फुकटवाला बघायला आला तेव्हा गुलमोहराकडे त्याने जेमतेम नजर टाकली आणि थेट अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला. बुंध्याला दोन्ही हातांनी कव घालून घेर बघितला. "ह्यो पण काढायचा न्हवं?" म्हणाला. गुलमोहराच्या लाकडाला आमच्याकडच्या टिंबर एरियात कुणी विचारत नाही. फार तर जळणात जातं. लिंबाला मात्र गिऱ्हाईक असतं. फुकट म्हणजे काय भावाने, ते तिथेच कळलं. आईने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

भाऊ बंगळूरला असतो आणि तो झाड तोडण्याच्या साफ विरोधात होता. मे महिन्यात फुललेल्या गुलमोहराचे जुने फोटो तो घरच्या ग्रुपवर टाकत राहिला. त्यावर आईचं एकच म्हणणं, "गुलमोहराचं कौतुक ज्याच्या हातात केरसुणी नाही त्याला." आणि ते खोटं नाही. उन्हाळ्यात पाकळ्यांचा चिखल, मग त्या हातभर लांब काळ्या शेंगा, मग हिवाळ्यात बारीक पानांचा असा भुगा की तो पन्हाळीत बसतो, पाण्याच्या टाकीच्या झाकणाखाली शिरतो, धुतलेल्या चादरीला चिकटतो. शिवाय हे झाड कुणी हौसेने लावलेलंही नव्हतं. रस्त्यावरच्या झाडाची शेंग आत पडली, रोप आलं, कुणी उपटलं नाही आणि बघता बघता त्याने फाटक झाकलं. घरातली बरीच झाडं अशीच घरातली होतात.

पण केराच्या त्रासापायी कुणी तीस-पस्तीस वर्षांचं झाड तोडत नाही. निदान तोडू नये. कारण वेगळं होतं. मागच्या पावसाळ्यात बुंध्याशी, मातीला लागून, एक तपकिरी अळंबी उगवली. टोपलीएवढी नाही, तळहाताएवढी, पण वार्निश मारल्यासारखी चकचकीत आणि कडेला पांढरी किनार. शेजारच्यांनी ती काठीने पाडली आणि "झालं, गेली कीड" म्हणून सांगितलं. गॅनोडर्मा जातीच्या या बुरशीचं असं नसतं. वर दिसतं ते तिचं फळ. ती स्वतः मुळांत आणि बुंध्याच्या तळात पसरलेली असते आणि तिथलं लाकूड कुजवत असते. फळ दिसायला लागतं तोवर आत बरंच काम झालेलं असू शकतं. वर पालवी हिरवीगार, फुलं भरघोस, आणि खाली पायच गेलेले.

मग एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस आला. आमच्याकडचा वळीव म्हणजे आधी धुळीचं वादळ, मग टपोरे थेंब, कधी गारा. त्या वाऱ्यानंतर झाड रस्त्याच्या बाजूला थोडं जास्त कललंय असं आईला वाटायला लागलं. कललेलं झाड दिसलं की घाबरायचं कारण नसतं. लहानपणापासून उजेडाकडे वाकत वाढलेली कितीतरी झाडं तशीच जन्म काढतात, त्यांचं लाकूडही त्या बाकाला धरूनच घडतं. बघायचं असतं ते कलण्याच्या उलट बाजूच्या मातीकडे. तिथे घराच्या बाजूने अर्धगोल भेग पडली होती. आमची काळी माती, उन्हाळ्यात ती अशीही भेगाळते, त्यामुळे मी आधी फारसं मनावर घेतलं नाही. आईने त्या भेगेत खुरपं घातलं. ते मुठीपर्यंत आत गेलं आणि बाहेर काढताना मातीबरोबर एक मूळ आलं, बोटाने दाबलं तर पाणी सुटावं इतकं मऊ.

इथे एक सांगायला हवं. अंगणातलं झाड आपोआप धोकादायक होतं ते क्वचित. गुलमोहर मुळात मादागास्करचा. मुळं वरवर पसरणारी, लाकूड ठिसूळ, आणि छत्री मात्र राजेशाही. असल्या झाडाला आपण काय देतो, तर बुंध्यापर्यंत आणून भिडवलेले पेव्हर ब्लॉक, एका बाजूने पाण्याच्या नळासाठी चर, दुसऱ्या बाजूने गटारासाठी चर, आणि वायरला लागतं म्हणून एकाच अंगाच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या. एका अंगाने भार, दुसऱ्या अंगाने मुळं तोडलेली. पुढे ते पडलं की आपणच म्हणायचं, वारा फार होता.

पोकळ झालेलं प्रत्येक झाड पडतंच असंही नाही. जुन्या वडा-चिंचांच्या ढोलीत माणूस मावतो आणि झाड उभं असतं, कारण भार पेलतं ते बाहेरच्या अंगाचं लाकूड. जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे क्लाउस माट्टेक यांनी झाडांच्या मोडण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा एक ठोकताळा जगभर वापरतात: शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाच्या खाली गेली की काळजी करा. त्यावरही तज्ज्ञांत वाद आहेत. पण हा ठोकताळा खोडापुरता. मुळंच कुजली असतील तर खोड कितीही भक्कम असून उपयोग नाही. झाड मोडत नाही, मुळासकट उलटतं. आमचं प्रकरण यातलं होतं.

परवानगीचं सोंग मोठं आहे, पण ते असावं असं मला वाटतं. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. झाड आपल्या आवारात असलं, आपण वाढवलेलं असलं तरी ते तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडांना हेरिटेज वृक्ष ठरवलं आणि तोडलेल्या झाडाचं वय असेल तितकी नवी झाडं लावायची अट घातली. अर्जात वयाचा रकाना भरताना आईने माझा हात धरला. "वय कमी लिही." तीन गुंठ्यांत पस्तीस झाडं कुठे उभी करणार, हा तिचा प्रश्न रास्तच होता. मी पस्तीसच लिहिलं. आठ हजारवाल्याचा सल्ला याहून सोपा होता: "रविवारी तोडू. हाफिस बंद असतंय. सोमवारी कोण इचारतंय?" असं रविवारी तोडलेलं झाड प्रत्येक कॉलनीत एखादं तरी असतं आणि ते धोकादायक होतं की नुसतं दुकानाच्या पाटीच्या आड येत होतं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. नोटिशीचा उपयोग तिथे असतो.

ज्याला शेवटी काम दिलं तो बावीस हजारवाला. तो आला तेव्हा गुलमोहराकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघत होता. सेप्टिक टँकचं झाकण कुठंय? टेम्पो त्यावर जायला नको. पाण्याचा मीटर कुठंय? शेजारच्यांचा पत्रा किती जुना? ही वायर तुमची का खांबाची? मग कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंध्यावर खालून वर ठोकत गेला. खाली आवाज बद्द, कमरेच्या वर खणखणीत. भेगेजवळ उकिडवा बसला आणि माती हातात घेऊन हुंगली. कुजकट वास मलाही आला. भाव ऐकून आई म्हणाली, "अहो, दुसरे आठ म्हणतात." त्यावर मुकादम शांतपणे म्हणाला, "काकू, तोडायला आठ बी लई झालं. कटर लावला की दोन तासांचं काम. ते तोडल्यालं कुठं ठेवायचं, त्याचं पैसं हायत."

पुढे दिवसभर मी बघितलं ते याच एका वाक्याचं काम. मैदानात झाड पाडायचं तर त्याचं शास्त्र साधं आहे. ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला खाच, मागून काप, आणि दोन्हींच्या मध्ये न कापलेल्या लाकडाची पट्टी शिल्लक ठेवायची. ती बिजागरीचं काम करते आणि झाड ठरल्या जागी आडवं होतं. वस्तीत आडवं व्हायला जागाच नसते. इकडे घर, तिकडे पत्रा, वर वायर, खाली पाण्याची लाइन. मग झाड शेंड्यापासून तुकड्यातुकड्याने उतरवावं लागतं आणि प्रत्येक तुकड्याला बांधून, झुलवून, सावकाश खाली आणावं लागतं. चाळीस सेंटीमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो. तो वीस फुटांवरून सुटला तर पत्राच काय, स्लॅबलाही दयामाया दाखवणार नाही.

विम्याचं मी विचारलं. विचारायलाच हवं, कारण आपल्या आवारात कुणी पडलं तर प्रश्न आपल्याही दारात येतो. मुकादम हसला. "विमा हाय की. गाडीचा हाय." मग पट्ट्यावरून घासाघीस झाली. कमरेचा पट्टा टेम्पोत लटकवलेला होता आणि चढणाऱ्या पोराच्या मते तो फांद्यांत अडकतो. पट्टा नाही तर काम नाही, इथवर मी आले तेव्हा मुकादमाने पोराला दोन शब्द ऐकवले आणि पट्टा चढला. पाय मात्र अनवाणीच. बुटाने बुंधा कळत नाही म्हणे. यावर वाद घालण्याइतकं माझं ज्ञान नाही.

आणि हे सगळं का करायचं, तर जुलै २०१७ मधली चेंबूरची घटना ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं, त्यात त्या गेल्या, आणि सीसीटीव्हीतलं ते दृश्य दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर फिरत राहिलं. त्या झाडाविषयी आधीच तक्रार झाली होती, असं तेव्हा बातम्यांत होतं. आमच्या फाटकासमोर संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या पोरांच्या सायकली उभ्या असतात.

सकाळी वायरमनने शटडाऊन घेतला आणि काम सुरू झालं. मुकादम, चढणारा पोरगा, फांद्या ओढायला दोन बाया, आणि एक साठीच्या घरातले गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणत होते. मामांच्या हातात कुऱ्हाड नाही, कोयता नाही. ते आले, दोन्ही दोर अंगणात उलगडले आणि हातभर हातभर चाचपत टोकापर्यंत गेले. एके ठिकाणी पीळ घासलेला होता. तेवढा तुकडा त्यांनी कापून टाकला, गाठ मारून वापरला नाही. मग दोर गुलमोहराच्या वरच्या बेचक्यातून ओवून आणला आणि त्याचे वेढे दिले ते लिंबाच्या बुंध्याला. ज्या झाडाचे पाय गेलेत त्याच्या खोडावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. दुसरा दोर तणावा म्हणून, कललेल्या बाजूच्या उलट, तोही लिंबालाच. फुकटवाल्याने ज्याच्यावर डोळा ठेवला होता त्या लिंबाने दिवसभर गुलमोहराला धरून ठेवलं.

वेढ्यांची गंमत समजून घेण्यासारखी आहे. दोर एखाद्या खांबाला गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक घर्षणामुळे हातात येणारा भार कमी होतो, आणि तो बेरजेने नाही, पटीने कमी होतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचं गणित मांडलं. घर्षणाचा गुणक ०.३ धरला तर तीन पूर्ण वेढ्यांनंतर हाताला लागणारी ओढ मूळ भाराच्या जवळपास २८५ व्या हिश्श्यावर येते. म्हणून पन्नास किलोचा माणूस दीड-दोनशे किलोची फांदी दोन बोटांच्या चिमटीत धरू शकतो. पण तीच अडचणही आहे. तीन वेढे घातले तर हलकी फांदी हलतच नाही, लोंबकळत राहते. एक घातला तर जड फांदी हातातून सुसाट जाते आणि तळव्याची सालं काढते. किती वेढे घालायचे ते फांदी तुटायच्या आधी ठरवावं लागतं. नुसतं बघून.

मामा आधी यारीवर होते. विहीर खोदताना दगड-गाळ वर काढायची आणि माणसं खाली सोडायची ती यारी. तिथे दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असायचा. "लाकडाचं काय, चुकलं तर पत्रा फुटंल," असं ते जेवताना म्हणाले.

पोरगा वर फांदी बांधायचा, कटर सुरू करण्याआधी ओरडायचा, "मामा, धरलं?" खालून "धरलं" आलं की मगच इंजिनाची दोरी ओढायची. एकदा शेजारून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला आणि मामांचं "धरलं" वर पोचलं नाही. पोराने कटरला हात लावला नाही, पुन्हा विचारलं, "धरलं" ऐकलं, मगच सुरू केला. वीस-बावीसचं पोर, पट्टा लावायला कुरकुरणारं, पण या एका बाबतीत त्याने कसूर केली नाही. फांदीला आधी खालून छोटी चीर, मग वरून काप, म्हणजे साल सोलत बुंध्यापर्यंत जात नाही. फांदी सुटायची, जराशी झुलायची, लिंबाभोवतीचे वेढे करकरायचे, आणि ती पत्र्याच्या वीतभर अलीकडून, तुळशीकट्टा चुकवून जमिनीवर टेकायची. शेजारचे काका मोबाइलवर सगळं टिपत होते.

दुपारनंतर मोठ्या बेचक्याची पाळी आली. कटर चालू होता आणि वरून पोराने आवाज दिला, "काळा भुसा आला!" तोवर पिवळसर, कोरडा भुसा उडत होता. आता ओला, चहाच्या चोथ्याच्या रंगाचा पडायला लागला होता. मी वर बघितलं. मामांनी वर बघितलंही नाही. त्याच्या आधीच, कटरचा आवाज पातळ झाला तेव्हा, त्यांनी एक वेढा वाढवला होता. मुकादमाने काम थांबवलं, पोराला खाली घेतलं, आणि तंबाखू मळता मळता बेत बदलला. आता मोठे तुकडे नाहीत. हात-दोन हातांचेच घ्यायचे, झाडाला हबका बसता कामा नये. काम दुप्पट झालं. मजुरीवरून कुणी अवाक्षर काढलं नाही, ठरलं ते ठरलं. अशा झाडावर खरं तर माणूस चढवूच नये, क्रेनच्या पाळण्यातून काम करावं. आमच्या गल्लीत क्रेन वळत नाही. तेव्हा पोरगा पुन्हा चढला, आणि आईने त्या वेळी देवापाशी निरांजन लावलं, ते मला संध्याकाळी कळलं.

खाली आलेल्या त्या बेचक्यात ओंजळभर काळा लगदा आणि मुंग्यांची अंडी होती. बुंधा उतरवला तेव्हा तळाशी लाकूड असं फक्त घराच्या बाजूला उरलेलं दिसलं, तेही चार बोटं. फोटो काढून मी ग्रुपवर टाकला. भावाने बऱ्याच वेळाने एक अंगठा पाठवला.

हिशेब करताना मला राहवलं नाही आणि कुणाला किती ते मी विचारलं. चढणाऱ्याला सगळ्यांत जास्त, ते बरोबरच. मामांना बायांपेक्षा थोडी जास्त हजेरी. का, तर ते खाली उभे असतात. मुकादमाची बाजूही त्याने सांगितली. चढणारी पोरं टिकत नाहीत, दुसरा शंभर जास्त देतो म्हणाला की जातात, त्यांना धरून ठेवावं लागतं. मामांना धरून ठेवावं लागत नाही, ते कुठे जाणार? बाजाराचा नियम असाच चालतो हे मला कळतं, आणि तरी तो नियम मला पटत नाही. त्या दिवशी आमच्या अंगणात ज्याच्या चुकीने सगळ्यांत जास्त नुकसान झालं असतं, त्या माणसाची किंमत बावीस हजारांत कुठेतरी चिल्लर म्हणून बसली होती. आईने मामांना वेगळे पाचशे दिले आणि हळद लावायला दिली, तळवा थोडा भाजला होता.

जाता जाता आईला लिंबही बोडका करून हवा होता. वाळवणाला ऊन मिळावं म्हणून. मुकादमाने नकार दिला. शेंडा मारला की धुमारे भसाभस फुटतात, पण ते नुसते सालीला चिकटलेले असतात, आणि पाच-सात वर्षांनी जड झाले की तेच आधी निखळतात. त्याने वाळलेल्या दोन फांद्या तेवढ्या काढून दिल्या. बुंध्याचं खोडकं तसंच राहिलं. ते उकरायचे पैसे वेगळे, आणि शेजारून पाण्याची लाइन जाते म्हणून आम्हीही आग्रह धरला नाही. बुरशी मातीत आहेच, त्यामुळे त्या जागी गुलमोहर पुन्हा नको. भावाचं म्हणणं ताम्हण लावा, राज्यफूल आहे, सुंदर दिसतं. आईला शेवगा हवा, रोजच्या आमटीला शेंगा होतील. मुकादम टेम्पोत चढता चढता म्हणाला, "शेवगा लावा काकू, आणि दर पावसाळ्यात मला फोन करा. मोडायला लई हुशार असतंय."

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका कुंपणाशी आले. त्यांच्याकडे वायरला टेकलेला सोनमोहर आहे. माणसांचा नंबर मागितला, मग भाव विचारला, आणि बावीस ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "जरा जास्तच घेतात. अठरात करेल का हो?"

आई फरशीवरचा उरलासुरला भुसा झाडत होती. मान वर न करता म्हणाली, "करेल की अठरात. दोर तुम्ही धरा."